सार्वजनिक जागेवरचा तंबू-मुक्काम: भाडं, आरक्षण शुल्क आणि अनामत कशी ठरवायची

दर ठरवण्याच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास निघतो, "शेजारचे किती घेतात?" शेजारचे म्हणजे बहुधा एखादं खाजगी फार्महाउस. तिथल्या दोन हजारांत रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, गाद्या, गाणी सगळं येतं, वर मालकाचा नफा. वन समितीने किंवा ग्रामपंचायतीने तो आकडा तसाच उचलला तर आलेले लोक वैतागतात. "आपलं सरकारी आहे" म्हणून त्याच्या चौथाई दर लावला तर दुसऱ्या वर्षी संडासाचं दार मोडकं, नळ कोरडा आणि रखवालदाराचे पगार थकलेले. शेजाऱ्याचा दर शेजाऱ्यापाशी राहू द्या. आपला दर निघतो आपल्या खर्चातून आणि आपल्या रिकाम्या रात्रींतून.

मराठवाड्यात धरणकाठी, अभयारण्याच्या वेशीवर किंवा किल्ल्याच्या पायथ्याशी आठ-दहा तंबूंची सोय चालवणाऱ्या समित्यांसाठी ही माहिती आहे. मुक्कामाला जाणाऱ्याने वाचली तर पावतीतला कुठला रुपया कशाचा, हे त्यालाही कळेल. एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: मुक्कामाचं भाडं, आरक्षण शुल्क आणि अनामत ही तीन वेगळी खाती आहेत. भाड्यातून जागा चालते, आरक्षण शुल्कातून बुकिंगचं काम भागतं आणि अनामत तर आपली नसतेच. यांची सरमिसळ झाली की हिशेब लागत नाही आणि फाटकावर रोज वाद होतात.

आधी जागेचा मालक कोण ते बघा

वनजमिनीवर एकट्या समितीने दर लावायचा नसतो. संयुक्त वन व्यवस्थापन समितीने दर सुचवायचे आणि वन विभागाची लेखी मंजुरी घ्यायची. जागा अभयारण्यात असेल तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चं कलम २८ लागतं: आत जायला आणि राहायला परवाना हवा, त्याची फी वेगळी. गौताळा औट्रमघाट, जायकवाडी पक्षी अभयारण्य, नायगाव मयूर, येडशी रामलिंग घाट, सगळीकडे हेच. ही प्रवेश फी आपल्या भाड्यात मिसळू नका, पावतीवर स्वतंत्र ओळीत दाखवा. ती वाढली तरी आपल्याला दरपत्रक बदलावं लागत नाही आणि पाहुण्यालाही कळतं की वाढ कोणी केली. त्याच कायद्याच्या कलम ३० नुसार अभयारण्य धोक्यात येईल अशी आग पेटवायला किंवा पेटती सोडायला मनाई आहे. वाळलेल्या गवतात डिसेंबरची शेकोटी म्हणजे नेमकं तेच, तेव्हा "शेकोटीसह मुक्काम" असा दर फलकावर नको.

धरणकाठची जमीन बहुधा जलसंपदा विभागाची असते. नाथसागरावर, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयावर, तर जलसंपदा आणि वन्यजीव अशी दोन दारं ठोठवावी लागतात. केंद्रीय संरक्षित स्मारक जवळ असेल, उदाहरणार्थ देवगिरी किल्ला, तर संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगीनेच. संडास आणि ओट्यांचा (तंबू लावायच्या उंच चौथऱ्यांचा) खर्च मांडण्याआधी ही मोजणी करून घ्या. गायरान "पडीकच आहे" म्हणून त्यावर तंबू ठोकायला जाऊ नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय तिथे पावती फाडणं म्हणजे आपणच अतिक्रमणाचा पुरावा छापून देणं.

मंजुरीच्या कागदात दरांसोबत पैशाची वाटणीही लिहून घ्या. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने केंद्राच्या उद्यानांत गोळा होणाऱ्या शुल्काचा साधारण ८० टक्के भाग त्याच ठिकाणी खर्चायला ठेवण्याचा नियम आहे. आपल्याकडे असा टक्का ठरावात आपणच घालून घ्यायचा असतो. तो नसेल तर तंबूंचे पैसे गावच्या कमानीत जातात आणि संडास तसाच राहतो.

खर्च दोन रकान्यांत मांडा

पाहुणा येवो न येवो, जो होतो तो स्थिर खर्च. पाहुणा आल्यावरच होतो तो चालू खर्च. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. गावचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला. समजा १० ओटे आहेत.

स्थिर खर्च, वर्षाचा:
– दोन रखवालदार, प्रत्येकी महिना १२,००० रु.: २,८८,०००
– सफाईला अर्धवेळ एक जण, महिना ७,००० रु.: ८४,०००
– वीज, दिवे, मोटार: ३६,०००
– ओटे, नळ, संडास यांची दुरुस्ती: ४०,०००
– छपाई, फोन, हिशेब तपासणी: २४,०००
एकूण ४,७२,००० रु.

पगाराचा आकडा लिहिताना किमान वेतनाचा चालू दर सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून घ्या. तो दर वेळोवेळी बदलतो आणि दरपत्रकाची सगळ्यात मोठी ओळ तीच आहे.

दुरुस्तीचे ४०,००० बघून बैठकीत कोणी तरी "एवढे कशाला?" म्हणेलच. कारण काळी माती. पावसात ती फुगते, उन्हात भेगाळते. खुंटी आज ठोकली तर उद्या हलते. म्हणून तंबू थेट रानात न लावता ४ मीटर × ४ मीटरचा, जमिनीपासून वीतभर उंच, मुरूम भरून धुम्मस केलेला ओटा करतात आणि कडेच्या दगडी पट्टीत लोखंडी कड्या गाडतात. तंबूचे दोर त्या कड्यांना. दर पावसाळ्यानंतर दोन-तीन ओट्यांची एक बाजू खचलेली असते, मुरूम पुन्हा भरावा लागतो. हा खर्च दरात धरला नाही तर तिसऱ्या वर्षी दहातले सहाच ओटे वापरण्याजोगे उरतात.

चालू खर्च एका ओट्याच्या एका रात्रीचा काढायचा. चार माणसं, माणशी ४० लिटर, म्हणजे १६० लिटर पाणी. १०,००० लिटरचा टँकर १,५०० रुपयांना धरला तर लिटरला १५ पैसे, म्हणजे २४ रु. मैला उपसणाऱ्या गाडीच्या वर्षाला ३ खेपा ४,००० रुपयांच्या धरल्या तर रात्रीला साधारण २२ रु. फिनेल, कचऱ्याच्या पिशव्या, साबण २४ रु. एकूण ७० रु. गावात विहिरीला किंवा बोअरला पाणी आहे म्हणून पाण्याचे शून्य मांडू नका. फेब्रुवारीत बोअर गचका देऊ लागला की टँकर येतोच, आणि त्या दिवसांत तो दीडपट भावाने येतो.

रिकाम्या रात्री मोजल्याशिवाय दर निघत नाही

बहुतेक समित्यांचा हिशेब इथे चुकतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, तंबूत दुपारी बसवत नाही आणि पाणीही नसतं, म्हणून बंद. जूनमध्ये पेरणीची घाई, माणसं मिळत नाहीत. समजा जुलै ते फेब्रुवारी, ३५ आठवडे चालू. म्हणजे २४५ रात्री, १० ओटे, मिळून २,४५० ओटे-रात्री. ४,७२,००० भागिले २,४५०, उत्तर १९३ रु. मग कोणी तरी म्हणतं, "२५० लावू, ५० रुपये नफा." तो नफा कागदावरच राहतो, कारण सगळे ओटे सगळ्या रात्री कधीच भरत नसतात.

खरा हिशेब असा. ३५ शनिवार, ७० टक्के भरतात: २४५ ओटे-रात्री. ३५ शुक्रवार आणि १० सुट्टीच्या आदल्या रात्री, ४० टक्के: १८०. उरलेल्या १६५ रात्री, ८ टक्के: १३२. एकूण ५५७. म्हणजे चार ओट्यांपैकी एकसुद्धा धड भरत नाही. आता ४,७२,००० भागिले ५५७ केले तर ८४७ रु. आणि त्यात चालू खर्चाचे ७० मिळवून ९१७ रु. एका ओट्याला एका रात्रीचा खर्च हा आहे. २५० रुपये लावणारी समिती प्रत्येक पाहुण्यामागे ६६७ रुपये खिशातून घालते आणि वर्षाअखेरी "पर्यटक येत नाहीत" म्हणून कुलूप लावते.

पहिल्याच वर्षी टक्केवारी कुठून आणायची? आधी महिनाभर दर शनिवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी येणाऱ्या गाड्या मोजा. त्यातल्या रात्री थांबू शकतील अशा किती, ते रखवालदाराला विचारा, आणि जो आकडा येईल त्याचा निम्मा धरा. उत्साहात धरलेली टक्केवारी पहिला पावसाळाही टिकत नाही.

मग दर

सगळ्या रात्रींना ९१७ लावायची गरज नाही. शनिवारी लोक येणारच असतात, मंगळवारी येत नाहीत. शनिवार १,२०० रु., शुक्रवार आणि सुट्टीची आदली रात्र १,००० रु., साधी रात्र ५०० रु. असं लावलं तर जमा २,९४,००० अधिक १,८०,००० अधिक ६६,०००, मिळून ५,४०,०००. खर्च ४,७२,००० अधिक ५५७ रात्रींचे ७० प्रमाणे ३८,९९०, मिळून ५,१०,९९०. शिल्लक २९,०१०. सार्वजनिक जागेला एवढी शिल्लक पुरे. तिच्यात एखादा पंप जळाला तर बदलता येतो.

साध्या रात्रीचे ५०० खर्चाखाली दिसतात, पण ते तोट्याचे नाहीत. रखवालदार तसाही बसलेला असतो, त्या पाहुण्यामुळे वाढणारा खर्च ७० च आहे, बाकीचे ४३० स्थिर खर्चाला लागतात. मात्र २०० वर उतरू नका. फार स्वस्त केलं की मुक्कामाऐवजी बैठका भरतात, आणि सकाळी बाटल्या वेचायला वेगळा माणूस लावावा लागतो.

दर माणशी लावायचा की ओट्यामागे? ओट्यामागे, चार माणसांपर्यंत; पाचव्या माणसाला १५० रु. आणि पाचाच्या वर दुसरा ओटा. माणशी दर लावला की फाटकावर डोकी मोजण्याचा खेळ सुरू होतो: गाडीत पाच, पावतीवर तीन. १२ वर्षांखालच्या पोरांचे पैसे घेऊ नका, पण नोंदवहीत नावं घ्या. पाण्याकाठची जागा असेल तर रात्री माणसं किती ते पक्कं ठाऊक पाहिजे.

शनिवार सलग दोन महिने गच्च भरत असतील तर दर १०० ने वाढवायला हरकत नाही. पाचपेक्षा कमी ओटे भरत असतील तर दर कमी करण्याआधी संडास आणि शेवटचा दोन किलोमीटरचा रस्ता बघा. कुटुंब घेऊन येणारा माणूस ३०० रुपयांसाठी नाही म्हणत नाही, बायकांच्या संडासाला कडी नाही म्हणून नाही म्हणतो.

यात्रेचे दिवस यातून वगळा. नाथषष्ठीला पैठण, महाशिवरात्रीला औंढा आणि परळी, नवरात्रात तुळजापूर आणि माहूर: या दिवसांत आसपासच्या जागेवर वाढीव दर लावणं कायद्यात बसलं तरी गावात बसत नाही. त्या रात्री आरक्षण बंद ठेवा, ओटे दिंडीला किंवा यात्रेकरूंना साध्या रात्रीच्या दराने थेट द्या आणि हे दरपत्रकातच लिहून ठेवा. न लिहिता केलं तर पुढच्या वर्षी तोच वाद नव्याने घालावा लागतो.

तंबूचं भाडं वेगळं

आपल्याकडे स्वतःचा तंबू घेऊन येणारे थोडे, म्हणून समितीला तंबू ठेवावे लागतात. ओटा आणि तंबू एकाच दरात बांधू नका. स्वतःचा तंबू आणणाऱ्याला ते अन्यायाचं वाटतं. हिशेब असा: चार माणसांचा तंबू ६,००० रु.चा. ५५७ पैकी ३७० रात्रींना तंबू लागला तर १० तंबूंत प्रत्येकी वर्षाला ३७ रात्री. दोन वर्षं टिकला तर ७४ रात्री, म्हणजे रात्रीला ८१ रु. लावण्या-काढण्याची आणि वाळवण्याची मजुरी १०० रु., चार गाद्यांच्या खोळी आणि चादरी धुण्याचे ८० रु. बेरीज २६१, ३०० रु. लावा.

तंबू दोन वर्षं टिकवायचा तर रोज सकाळी काढला पाहिजे. "उद्या पुन्हा लागणारच आहे" म्हणून आठवडाभर उभा ठेवलेला तंबू आपल्याकडच्या उन्हात एका हंगामात विटतो. वरचं कापड बोटाने दाबलं तरी टरकतं. ओला गुंडाळला तर बुरशी धरतो आणि शिवणीवरची पट्टी सुटते. मग पहिल्या पावसात पाणी आत आणि पैसे परत.

आरक्षण शुल्क: ५० रुपये, त्याहून जास्त का नको

एक बुकिंग घेताना दोन फोन होतात, नोंद होते, पावती जाते, आदल्या दिवशी आठवणीचा निरोप जातो. ऑनलाइन यंत्रणेचे वर्षाला १२,००० रु. आणि वर्षभरात ३५० बुकिंग धरली तर एकामागे ३४ रु., वर माणसाच्या वेळेचे १५. म्हणजे ५० रु. हे यंत्रणेचे पैसे वरच्या स्थिर खर्चात धरलेले नाहीत, नाही तर पाहुण्याकडून दोनदा घेतल्यासारखं होईल.

शुल्क बुकिंगमागे एकदाच घ्या. रात्रीमागे नको, माणशी नको, ओट्यामागेही नको. एका रात्रीचं बुकिंग आणि तीन रात्रींचं बुकिंग, काम तेवढंच. भाड्याच्या टक्क्यात लावायचा मोह होतो, पण मग ते छुपं भाडं होतं, आणि पाहुणा शेवटच्या पानावर वाढलेला आकडा बघून बुकिंग सोडून देतो. एकूण रक्कम पहिल्या पानावरच दाखवा.

पैसे घेण्याचा खर्च मार्गावर ठरतो. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर व्यापाऱ्याला जानेवारी २०२० पासून एमडीआर (पैसे स्वीकारल्याबद्दल व्यापाऱ्याकडून कापला जाणारा आकार) शून्य आहे. क्रेडिट कार्डावर साधारण २ टक्के धरले तर १,२०० रुपयांवर २४ रु. म्हणजे ५० मधले जवळपास निम्मे तिथेच गेले. लहान जागेने यूपीआयच ठेवावं. ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी गेटवे कंपनी यूपीआयवर स्वतःचा सेवा आकार लावते का, ते करारात आधी वाचून घ्या.

दहापैकी आठ ओटे आरक्षणाला, दोन थेट येणाऱ्यांना. थेट येणाऱ्याकडून आरक्षण शुल्क घ्यायचं नाही. त्याने आरक्षण केलेलंच नसतं. आरक्षण ६० दिवस आधी, ठरलेल्या वेळी, समजा सकाळी १० ला उघडा. एका मोबाइल नंबरावर जास्तीत जास्त ३ ओटे आणि मुक्कामाला येणाऱ्याचंच नाव. ही मर्यादा नसली तर दिवाळीच्या आणि २६ जानेवारीला जोडून येणाऱ्या सुट्ट्यांचे ओटे कोणी तरी पहिल्या दिवशी उचलतो आणि व्हॉट्सॲपवर दुप्पट दराने विकतो.

रद्द केलं तर

– ७ दिवस किंवा त्याआधी: भाडं पूर्ण परत, आरक्षण शुल्क नाही.
– ६ ते ३ दिवस आधी: पहिल्या रात्रीचं निम्मं भाडं कापून बाकी परत.
– शेवटचे २ दिवस, किंवा आलेच नाहीत: पहिल्या रात्रीचं पूर्ण भाडं गेलं, पुढच्या रात्रींचं परत.

कपातीच्या दोन्ही पायऱ्या पहिल्या रात्रीवरच का? कारण मधल्या पायरीला "एकूण भाड्याच्या ५० टक्के" लिहिलं की गफलत होते. साध्या दिवसांच्या तीन रात्री, १,५०० रु. पाच दिवस आधी रद्द करणाऱ्याचे ७५० जातात आणि आदल्या दिवशी रद्द करणाऱ्याचे ५००. आधी कळवणाऱ्यालाच दंड! हे कळलं की सगळे आदल्या दिवसापर्यंत गप्प बसतात आणि ओटा रिकामा जातो. अमेरिकेच्या केंद्रीय उद्यानांच्या आरक्षणात रद्द करण्याचे १० डॉलर आणि अगदी उशीर झाला तर पहिल्या रात्रीचं भाडं, अशीच रात्रीवर बांधलेली पद्धत आहे.

सुटलेला ओटा दुसऱ्याला गेला तर पहिल्याचं कापलेलं भाडं परत करा. एका ओट्याचं भाडं दोघांकडून घेऊन समिती श्रीमंत होत नाही, बदनाम होते.

जागा आपण बंद केली तर सगळे पैसे परत, आरक्षण शुल्कासकट. यात काय येतं ते लिहून ठेवा: हवामान खात्याचा जिल्ह्यासाठी ऑरेंज किंवा रेड अलर्ट, धरणातून विसर्ग सोडल्याची सूचना, वन विभागाने बंद केलेला प्रवेश. इशारा नसताना "आभाळ आलंय" म्हणून पाहुण्याने पाय मागे घेतला तर एकदा तारीख बदलून द्या, पैसे परत नकोत.

अनामत

ओट्याला ५०० रु., मोडतोड आणि कचऱ्यासाठी. आल्यावर ओट्याचा, कड्यांचा, नळाचा एक फोटो, जाताना दुसरा. कापायचे दरही छापलेले हवेत: कड्या उपटल्या तर २०० रु., कचरा टाकून गेले तर १५० रु., वगैरे. "रखवालदार ठरवेल" असं सोडलं तर अनामत म्हणजे रखवालदाराची वरकमाई, हे गाव आठवड्यात ओळखतं.

अनामत घेतली तशीच परत करा: यूपीआयने आली तर यूपीआयने, त्याच सकाळी. रोख घेतली की रविवारी ११ वाजता दहा पाहुणे रांगेत आणि गल्ल्यात सुटे नाहीत. हिशेबात ती जमेत धरायची नाही, देण्याच्या बाजूला लिहायची. महिन्याच्या शेवटी अनामत खात्यात शिल्लक दिसली तर कोणाचे तरी पैसे द्यायचे राहिलेत.

सवलती, आणि फुकटचे

सवलत रिकाम्या रात्रीची असावी. तालुक्यातल्या रहिवाशांना, ६० वर्षांवरच्यांना साध्या रात्रीला ३० टक्के कमी. शाळेच्या सहलीला माणशी ५० रु., पण रविवार ते गुरुवार. शनिवारी सवलत दिली तर १,२०० देणारा माणूस परत पाठवून आपण ८४० घेतो.

खरी गळती सवलतीत नसते. ती असते "साहेबांचे पाहुणे आहेत, सोडून द्या" यात. अशी माणसं येणारच, मराठवाड्यात पाहुण्याला नाही म्हणण्याची रीत नाही. पण शून्य रुपयांची पावती फाडा, त्यावर कोणाच्या सांगण्यावरून ते नाव लिहा आणि महिन्याची यादी बैठकीत वाचा. यादी मोठ्याने वाचायला लागली की पाहुणे आपोआप कमी होतात.

जीएसटी

सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे नोंदणी लागत नाही. आपल्या नमुन्यात भाडं ५,४०,०००, तंबू १,११,०००, आरक्षण १७,५००, मिळून ६,६८,५००, बरंच खाली. नोंदणी नसताना पावतीवर जीएसटीची ओळ छापायची नाही, तो गुन्हा ठरतो. नोंदणी असेल तर रोजचं भाडं ७,५०० रुपयांपर्यंत २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के, खरेदीवरच्या कराची वजावट नाही. बुकिंगच्या मोठ्या ऑनलाइन कंपनीवर जागा टाकली तर आपण बिननोंदणीचे असलो तरी कर ती कंपनी पाहुण्याकडून घेऊन भरते. मग तोच ओटा तिथे महाग आणि फाटकावर स्वस्त दिसतो. पाहुण्याने विचारलं तर उत्तर तयार ठेवा.

पावती आणि ताळा

सहा जणांचं कुटुंब, दोन ओटे, शुक्रवार-शनिवार. पावती अशी दिसली पाहिजे:

ओटा भाडं, शुक्रवार १,००० × २: २,०००
ओटा भाडं, शनिवार १,२०० × २: २,४००
तंबू ३०० × २ तंबू × २ रात्री: १,२००
आरक्षण शुल्क: ५०
अनामत (परत मिळेल) ५०० × २: १,०००
एकूण: ६,६५०

खाली एक ओळ: "मुक्कामाचा प्रत्यक्ष खर्च ५,६५० रु." या एका ओळीने फाटकावरचे निम्मे वाद मिटतात.

पावती पुस्तकं क्रमांक छापलेली, कार्बन लावून दोन प्रती. फाडायची चुकली तर पान काढून टाकायचं नाही, आडवी रेघ मारून "रद्द" लिहून दोन्ही प्रती पुस्तकातच ठेवायच्या. क्यूआर कोड समितीच्या खात्याचा, कोणाच्या वैयक्तिक नंबराचा नको, मग तो कितीही भरवशाचा असो. फाटकावरचा कोड दर सोमवारी स्वतः एक रुपया पाठवून तपासा आणि पडद्यावर येणारं नाव वाचा. छापील कोडावर दुसरा चिकटवायला दोन सेकंद लागतात.

महिन्याचा ताळा तीन वह्यांचा. रखवालदाराच्या नोंदवहीतल्या ओटे-रात्री गुणिले त्या त्या रात्रीचा दर, पावत्यांची बेरीज, बँकेत आणि गल्ल्यात आलेली रक्कम, अनामत वगळून. तिन्ही आकडे रुपयाला रुपया जुळले पाहिजेत. नोंदवही जास्त आणि पावत्या कमी असतील तर रोख घेऊन पावती फाडलेली नाही. पावत्या जास्त आणि बँक कमी असेल तर रोख भरणा राहिलाय, किंवा पैसे दुसऱ्याच खात्यात गेलेत. सफाईवाल्या बाईंना विचारून चौथा आकडाही मिळतो: शनिवारी किती ओटे झाडले. तो बहुतेक वेळा सगळ्यांत खरा निघतो.

दर वर्षातून एकदाच बदला. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत आकडे वाचून ठराव घ्या, वन विभागाची किंवा जलसंपदाची मंजुरी सप्टेंबरात, नवा दर १ ऑक्टोबरपासून. ६० दिवस आधीच्या आरक्षणामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची काही बुकिंग जुन्या दराने झालेली असतील. त्यांच्याकडून फरक मागायचा नाही. फलकावर नव्या दरासोबत तो कोणत्या तारखेच्या आरक्षणाला लागू आहे तेही लिहा, आणि जुना फलक त्याच दिवशी उतरवा.